शेठ वालचंद हिराचंद आणि राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि शासकीय धोरण हा विषय निवडला जावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. सुरक्षा म्हटली की डोळ्यांपुढे सीमेवरचा जवान उभा राहतो, आणि त्या विषयावर बोलण्याचा अधिकार सेनाधिकाऱ्यांचा, मुत्सद्द्यांचा व विद्यापीठातील पंडितांचा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु नवी पेठेत गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यालाही हा विषय नित्य भेटत असतो. फक्त तो वेगळ्या नावाने भेटतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधील हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ कालव्याची वाट सोडून जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडे वाढले, विम्याचा हप्ता वाढला. सोलापूरच्या यंत्रमागावर विणलेला टेरी टॉवेल युरोप-अमेरिकेस जातो तो समुद्रमार्गेच. पॉलिस्टर सुताचा भाव खनिज तेलावर अवलंबून, आणि ते तेलही देशात येते ते बहुतांशी जहाजानेच. म्हणजे दोन-अडीच हजार मैलांवर कोणी एक क्षेपणास्त्र सोडतो आणि येथील खरेदीच्या बिलात त्याची नोंद होते.

या प्रश्नाचा विचार ज्या भारतीयाने स्वतःचे भांडवल पणाला लावून केला, तो पुरुष सोलापूरचा होता आणि जैन होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. मूळ सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेल्या या दिगंबर जैन घराण्याचा व्यवसाय सावकारीचा व कापसाचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला; पुढे बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावापासून मुंबईपर्यंतची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या हातून झाली. हा इतिहास सोलापूरकरांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. वालचंद महाविद्यालय आणि वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्यामुळे हे नाव गावाच्या तोंडी बसलेलेच आहे. नावामागचा विचार मात्र तितकासा परिचित नाही.

पहिले महायुद्ध संपले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीस निघाले. युद्धकाळात ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साहाय्याने ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाले. देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूक त्या काळी प्रामुख्याने ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हातात होती, आणि तिच्या पाठीशी पी. अँड ओ. ही बलाढ्य कंपनी होती. नव्या कंपनीला बुडवण्याची त्यांची रीत व्यापाऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. पहिला उपाय भाडेयुद्धाचा: प्रतिस्पर्धी बाजारातून जाईपर्यंत तोटा सोसून भाडे पाडायचे. दुसरा उपाय अधिक सूक्ष्म होता. त्याला राखीव सवलतीची पद्धत म्हणता येईल. एखाद्या घाऊक पेढीने दुकानदारास सांगावे की, वर्षभर सर्व माल आमच्याकडूनच उचललात तर दिवाळीनंतर अमुक टक्के सूट परत मिळेल. पण एक गाठ जरी दुसऱ्या पेढीकडून घेतली तर साऱ्या वर्षाची सूट बुडाली! अशाच रीतीने भाड्यातील काही हिस्सा जहाज कंपनी स्वतःजवळ अडकवून ठेवी आणि व्यापारी एकनिष्ठ राहिल्यासच तो परत करी. बांधलेला व्यापारी सिंदियाचे जहाज स्वस्त असूनही त्यात माल चढवण्यास कचरत असे. यात बेकायदेशीर काहीच नव्हते; किंबहुना ही पद्धत बंद करावी म्हणून कायदा मागावा लागला, यातच सर्व आले.

सिंदियाच्या आधी ज्यांनी हा प्रयत्न केला त्यांची गत काय झाली होती? जमशेटजी टाटा यांनी १८९३ च्या सुमारास जपानी कंपनीच्या सहकार्याने पूर्वेकडे सूत नेण्यासाठी जहाजे चालवली, पी. अँड ओ.ने भाडे पाडले आणि तो प्रयत्न आटोपला. १९०६ मध्ये तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिला हरवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने उतारूंना फुकट नेण्यापर्यंत मजल मारली, असे सांगितले जाते. त्या कंपनीची जहाजेही अखेर विकली गेली. सिंदिया टिकली, परंतु १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार पत्करावा लागला, आणि त्यात तिच्या वाढीला मर्यादा पडल्या. मान वाचली, पण हात बांधले गेले, अशी ती तडजोड होती.

येथे तज्ज्ञांच्या मतांचा प्रश्न येतो. सरकारने १९२३ मध्ये कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व्यापारी नौकानयन समिती नेमली. त्या समितीने परवाना पद्धतीने किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीय जहाजांकडे सोपवावी आणि भारतीय तरुणांना नौकाधिकारी बनवण्यासाठी प्रशिक्षण-जहाज ठेवावे, अशी शिफारस केली. प्रशिक्षण-जहाज ‘डफरिन’ १९२७ मध्ये सुरू झाले. परवान्याची शिफारस मात्र बासनात गेली. १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक आणले. त्याचेही कायद्यात रूपांतर झाले नाही. तज्ज्ञांचा अहवाल मागवायचा, त्यातील सोयीचा भाग उचलायचा आणि अवघड भाग पुढे ढकलायचा, ही शासनाची रीत परकीयांबरोबर गेली असे मात्र म्हणता येत नाही.

विरोधकांचा युक्तिवादही नीट ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, व्यापाराचे हित स्वस्त भाड्यात आहे; वाहतूक एका देशाच्या जहाजांना राखून ठेवली तर भाडे वाढेल, आणि त्याचा भार शेतकऱ्यावर व ग्राहकावर पडेल. हिशेबाच्या वहीत हे बरोबर बसते. वालचंदांचे उत्तर वेगळ्या वहीतले होते. आज स्वस्त मिळणारे भाडे प्रतिस्पर्धी शिल्लक आहे तोवरच स्वस्त आहे, आणि युद्ध पेटले की जहाज ज्याच्या मालकीचे त्याच्या देशाच्या कामाला ते जाते. सरदार का. मा. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये हिंदी महासागरावर लिहिलेल्या ग्रंथात इतिहासकाराच्या दृष्टीने असेच मांडले की, सोळाव्या शतकात समुद्रावरचे वर्चस्व गेले तेथूनच भारताचे पारतंत्र्य सुरू झाले. महाराष्ट्राला तर यासाठी पणिक्करांचा ग्रंथही नको. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांना साथीला घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला, आणि कान्होजींनी नावारूपाला आणलेले आरमार त्या स्वारीत जळून गेले. घरातील भांडण मिटवण्यासाठी शेजाऱ्याला बोलावले आणि त्याने कुंपणच उखडून नेले. त्या दिवशी पुण्याच्या दरबारात या व्यवहाराचा हिशेब फायद्याचाच दिसला असेल.

परावलंबन किती खोल होते याचे एक उदाहरण याच गावातले. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरमध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले, तेव्हा त्यांना पी. अँड ओ.च्याच ‘राजपुताना’ जहाजाने जावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाने वालचंदांचे म्हणणे फार मोठी किंमत घेऊन खरे ठरवले. १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि भारतात विमान कारखाना काढण्याचा विचार पक्का झाला. म्हैसूर संस्थानाने व दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी साहाय्य केले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी तेथे हार्लो जातीचे प्रशिक्षण-विमान तयार झाले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटारीच्या कारखान्याला मात्र युद्ध चालू असता सरकारचा पाठिंबा मिळाला नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि ६ एप्रिलला खुद्द विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. त्याच महिन्यात सरकारने विमान कारखान्यातील वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत. भाववाढ, साठेबाजी, शासनाची बेपर्वाई ही सर्व आहेत. परंतु ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणे आणि बाहेरून धान्य आणण्यास जहाजे न मिळणे, हीही त्यांतली कारणे होत. जहाज हे शस्त्र नव्हे, असे मानणाऱ्यांनी १९४३ चे वर्ष डोळ्यांपुढे ठेवावे. सोलापूर जिल्ह्यातील ज्येष्ठांना १९७२ च्या दुष्काळातील मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, अद्याप आठवत असेल. ती शिजवून खाताना कोणी चवीची तक्रार केली असेल, पण ती सात समुद्र ओलांडून आली होती, आणि ज्याच्या घरी पीक आणि ज्याच्याकडे जहाज, त्याची मर्जी राखूनच ती येत होती.

आता एक प्रश्न, जो इतर सभेत कोणी विचारणार नाही, पण या सभेत विचारलाच पाहिजे. अहिंसाधर्मी श्रावकाने लढाऊ विमानांचा कारखाना काढावा काय? अनर्थदंडव्रतात हिंसादानाचा, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्यास पुरवण्याचा, त्याग सांगितला आहे. समाजात काही विचारवंत या आधारे अशा उद्योगाला स्पष्ट विरोध करतात आणि त्यांची भूमिका आदरास पात्र आहे. दुसऱ्या बाजूस, गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगून, श्रावकाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा, परंतु स्वतःच्या, धर्माच्या व राष्ट्राच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वथा टाळता येत नाही, असे मानले गेले. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात भगवान बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय हे गंग राजांचे मंत्री आणि सेनापती होते. ज्या मूर्तीपुढे लाखो भाविक मस्तक नमवतात ती एका सेनापतीने घडवून घेतली आहे.

आणि त्या मूर्तीमागची कथा तर आंतरराष्ट्रीय सुरक्षेचीच कथा आहे. आचार्य जिनसेनांचे आदिपुराण सोलापूरपासून फार दूर नसलेल्या मळखेडच्या, म्हणजे मान्यखेटच्या, राष्ट्रकूटांच्या काळातले. त्यात भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनी विचार केला की, हे दोघे चरमशरीरी. यांचे काही बिघडणार नाही, मरतील ते सैनिक. म्हणून त्यांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध एवढ्यावर निर्णय ठेवला. राजांना युद्ध करू नका असे सांगण्याइतके त्या मंत्र्यांचे चालले नाही. परंतु युद्ध कितीवर थांबवायचे, हे त्यांनी ठरवले. आजच्या काळात अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, असे जे धोरण भारताने १९९८ च्या चाचण्यांनंतर जाहीर केले आणि २००३ मध्ये अधिकृतपणे मांडले, त्याची जात याच विचाराची आहे. शस्त्र ठेवले, पण त्यास मर्यादा घातली. ही मर्यादा ढिली करावी असे म्हणणारे तज्ज्ञ देशात आहेत, आणि शत्रूला अनिश्चिततेत ठेवण्याचा त्यांचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. तरीही मर्यादेच्या बाजूने उभे राहण्यास जैन माणसाला लाज वाटण्याचे कारण नाही.

वालचंदांच्या कारखान्याला हे माप लावले तर स्वदेशाच्या रक्षणासाठी काढलेला तो उद्योग विरोधी हिंसेच्या मर्यादेत बसतो, असे म्हणता येईल. परंतु हाच कौल आज जसाच्या तसा देता येणार नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. संरक्षण कंपन्यांचे शेअर समाजातील अनेक कुटुंबांच्या गुंतवणुकीत आहेत. आपल्या सैन्यास लागणारे साहित्य बनवणे एक, आणि नफ्यासाठी दूरच्या कोणा दोन देशांच्या भांडणात माल पुरवणे दुसरे. पहिल्यात रक्षण आहे; दुसऱ्यात हिंसादान नाही असे सांगणे फार कठीण आहे. लाभांश हाती घेताना कंपनी काय विकते आणि कोणास विकते, एवढी चौकशी करणे हे श्रावकाच्या आवाक्यातले काम आहे.

वालचंदांच्या संस्थांचे पुढे काय झाले? विशाखापट्टणमच्या कारखान्यातून ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये सरकारने त्या कारखान्याचा मोठा हिस्सा घेतला, १९६१ मध्ये तो पूर्ण सरकारी झाला आणि २०१० मध्ये संरक्षण खात्याकडे गेला. मधली अनेक वर्षे तो तोट्यातच होता. शेठजींचे निधन ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे झाले. सिंदिया कंपनीचा पसारा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आटोपला. बंगळूरचा कारखाना १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून ओळखला जातो. परंतु १९८३ मध्ये मंजूर झालेले हलके लढाऊ विमान प्रथम उडाले ४ जानेवारी २००१ रोजी आणि हवाई दलाच्या तुकडीत दाखल झाले १ जुलै २०१६ रोजी. कारणे अनेक होती, त्यांत परदेशी निर्बंधही होते. तरीही तेहतीस वर्षे हा काळ कोणत्याही हिशेबाने मोठाच. संरक्षण दिले की उद्योग सुस्तावतो, हे विरोधकांचे भाकीत अगदीच खोटे ठरले नाही. इंदापूर तालुक्यात साखरेसाठी वसवलेल्या वालचंदनगरची कथा मात्र वेगळी झाली. तेथील यंत्रशाळेत पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-कवचे आणि युद्धनौकांचे गिअरबॉक्स तयार झाले, आणि तेही ग्राहकाची कठोर तपासणी उत्तीर्ण होऊन.

आज प्रश्न पुन्हा जेथून निघाला तेथेच येऊन ठेपला आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगर येथील भाषणात पंतप्रधानांनी सांगितले की, पन्नास वर्षांपूर्वी देशाचा चाळीस टक्क्यांहून अधिक विदेशी व्यापार स्वदेशी जहाजांतून होत असे. ते प्रमाण पाच टक्क्यांवर आले आहे, आणि परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे द्यावे लागते. चारच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व नौकानयनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

रक्कम मोठी आहे, आणि तिचे स्वागत झाले पाहिजे. परंतु व्यापाऱ्याने दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. पहिली, बांधलेल्या जहाजाला माल कोण देणार? टॉवेलचा कंटेनर भारतीय जहाजातून पाठवण्यास शेकडा दोन-चार रुपये अधिक पडले, तर तो फरक निर्यातदाराने सोसायचा, सरकारने सोसायचा की परदेशी ग्राहकाकडून मागायचा, हे आधी ठरले पाहिजे. १९२० च्या दशकात सिंदियाचे जहाज धक्क्यावर रिकामे उभे असता राखीव सवलतीच्या लोभाने परक्या जहाजात माल भरणारे व्यापारी भारतीयच होते. दुसरी, ज्या कारखान्याला अनुदान मिळेल त्याने जहाज किती महिन्यांत आणि किती खर्चात दिले, याचा ताळेबंद दरवर्षी उघडपणे छापला जाणार की नाही? धर्मादाय आयुक्तांकडे आपला ट्रस्ट दरसाल लेखापरीक्षित हिशेब दाखल करतो. ६९,७२५ कोटींचा हिशेबही तितकाच सहज पाहावयास मिळावा, अशी लेखी मागणी सोलापूरच्या व्यापारी संघटनांनी केंद्राकडे करावी, आणि त्या पत्रावर नवी पेठेतील जास्तीत जास्त पेढ्यांच्या सह्या असाव्यात, एवढी विनंती या व्यासपीठावरून आहे.

जय जिनेंद्र.